कास्ट-आयर्न बुलेटवर बांधलेल्या गाडीचा गिअरबॉक्स: चार की पाच, आणि त्याआधीचे गणित

कास्ट-आयर्न इंजिनाची जुनी बुलेट घेऊन तिच्यावर बॉबर, स्क्रॅम्बलर किंवा कॅफे रेसर (मूळ गाडीचे रूप बदलून केलेले प्रकार) बांधणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "पाच गिअरचा बॉक्स टाकला की गाडी हायवेला पळेल." बॉक्स येतो, बसतो, पैसे जातात आणि गाडी पूर्वी जितकी पळत होती तितकीच पळते. मग दोष कार्ब्युरेटरला दिला जातो, त्यानंतर सायलेन्सरला. खरी चूक क्रमातली असते. गिअरबॉक्स आधी घेतला जातो आणि चाक, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे) दात, वजन यांचा विचार नंतर होतो. खालील टप्पे नेमके उलट्या क्रमाने, म्हणजे योग्य क्रमाने, लिहिले आहेत.

हा लेख फक्त त्या इंजिनांसाठी आहे ज्यांत गिअरबॉक्स ही वेगळी पेटी असून ती क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) पाठीला स्टडने (आटे असलेल्या दांड्यांनी) आवळलेली असते: ३५० चे (७० × ९० मिमी, ३४६ सीसी) आणि ५०० चे (८४ × ९० मिमी, ४९९ सीसी). २००८-०९ पासून आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनांत गिअर क्रँककेसच्या पोटातच असतात, त्यामुळे तिथे बॉक्स बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तिथे फक्त स्प्रॉकेटचे दात आपल्या हातात राहतात.

## तयारी: पाना उचलण्याआधी

एक वही, खडू, मोजपट्टी, व्हर्निअर आणि दोन मीटर लांबीचा सरळ अँगल किंवा पाइप एवढे हाताशी ठेवावे. क्लच काढण्यासाठी योग्य पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) हवाच, कारण छिन्नी-हातोड्याने काढलेला क्लच सेंटर (क्लचचा मधला भाग) पुन्हा सरळ फिरत नाही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून घ्यावेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. गिअरबॉक्स ही वेगळी पेटी असल्यामुळे ती बदलताना इंजिन नंबर असलेल्या क्रँककेसला हात लावावा लागत नाही, आणि तो लावूही नये. "पाच गिअरसकट अख्खे इंजिनच देतो" असे कोणी म्हटले तर तो निराळा व्यवहार आहे आणि त्याची वाट आरटीओच्या परवानगीतून जाते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी जवळ आली असेल तर ती आधी उरकावी आणि काम नंतर काढावे.

## टप्पा १: गाडीचे काम ठरवणे

वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: मागे माणूस बसणार का, आठवड्यातले बहुतेक किलोमीटर कुठे होणार आणि कोणत्या वेगाला गाडी तासभर निवांत चालली पाहिजे. "सगळीकडे चालली पाहिजे" हे उत्तर चालणार नाही. कोल्हापूर ते पुणे महामार्गावर एकट्याने जाणारी गाडी आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरून दोघांनी सामानासकट परत चढणारी गाडी, या दोन गाड्यांचे दात एकसारखे असू शकत नाहीत.

इंजिनाची ताकदही याच पानावर लिहावी. ३५० कास्ट-आयर्न इंजिनाची कागदावरची ताकद ५६२५ आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांना) १८ बीएचपी (अश्वशक्ती) आहे. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या १८ आकड्याची मर्यादा राहते.

## टप्पा २: मागच्या चाकाचा खरा परीघ मोजणे

टायरवर छापलेल्या मापावरून हिशेब करू नये. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, चालवणाऱ्याने गाडीवर बसावे, दुसऱ्याने ती सरळ रेषेत ढकलावी, आणि टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करून दोन खुणांमधले अंतर मोजावे. ३.२५-१९ टायरला ते सुमारे २ मीटर भरते. बॉबरसाठी १३०/९०-१५ बसवला तर ते १.९ मीटरच्या आसपास येते. हा फरक पाच टक्क्यांचा आहे आणि पुढच्या स्प्रॉकेटचा एक दातही साधारण सहा टक्क्यांचा असतो. म्हणजे टायर बदलला की नकळत जवळजवळ एक दात बदलला जातो.

तपासणी: चाक अजून ठरले नसेल तर इथेच थांबावे. चाक ठरण्याआधी केलेले गुणोत्तराचे गणित पुन्हा करावेच लागते.

## टप्पा ३: एकूण गुणोत्तर काढणे

इंजिनाचे फेरे तीन ठिकाणी कमी होतात: प्रायमरी चेनवर (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन), गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या चेनवर. तिन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर. ३५० वर सहसा इंजिन स्प्रॉकेट २५ दातांचे आणि क्लचचे ५६ दातांचे असते, म्हणजे प्रायमरी २.२४. मागचे स्प्रॉकेट ३८ दातांचे आणि पुढचे १६ दातांचे असेल तर शेवटचे गुणोत्तर २.३७५. मात्र जुन्या गाड्यांमध्ये मधल्या वर्षांत कोणी काय बसवले असेल याचा नेम नसतो, म्हणून दात स्वतः मोजावेत.

आता मुख्य मुद्दा. या बुलेटच्या बॉक्समध्ये क्लचचा शाफ्ट आणि पुढचे स्प्रॉकेट एकाच अक्षावर असतात. वरच्या गिअरमध्ये ते दोन्ही एकमेकांत अडकून एकसंध फिरतात. चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा १:१ असतो आणि पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचवाही १:१ च असतो. पाचवा गिअर हा चौथ्याच्या वर चढवलेला जादा मजला नाही. पहिल्यापासून वरच्या गिअरपर्यंतच्या त्याच जिन्याला चारऐवजी पाच पायऱ्या केल्या आहेत, इतकेच. म्हणून बाकी दात तेच राहिले तर वरच्या गिअरमधला वेग एका किलोमीटरनेही बदलत नाही.

वरच्या गिअरमध्ये, ४००० आरपीएमला आणि २ मीटर परिघाला हिशेब असा येतो. पुढे १६ दात असतील तर एकूण गुणोत्तर ५.३२ आणि वेग सुमारे ९० किमी. १७ दातांना गुणोत्तर ५.०१ आणि वेग ९६ किमी. १८ दातांना गुणोत्तर ४.७३ आणि वेग १०१ ते १०२ किमी. सूत्र साधे आहे: आरपीएमला एकूण गुणोत्तराने भागावे, परिघाच्या मीटरने गुणावे आणि ०.०६ ने गुणावे.

इथे मोह होतो आणि १८ दात घेतले जातात. पण १६ दातांवर ५६२५ आरपीएम म्हणजे कागदावर १२७ किमीच्या जवळ जाते. हाच वेग १८ बीएचपीला, सरळ बसलेल्या माणसाच्या छातीवर येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध, गाठता येत नाही. १८ दातांवर हाच आकडा १४३ च्या जवळ जातो आणि तो निव्वळ वहीत राहतो. इंजिन पूर्ण ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोचतच नाही, जरासा चढ किंवा समोरून वारा आला की खालचा गिअर टाकावा लागतो, आणि "ओव्हरब्रिजवर दम तोडते" ही तक्रार सुरू होते.

मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. ३५० वर १८ दात चढवले, महामार्गावर इंजिन शांत वाटल्यामुळे खूश झालो आणि पुढच्याच महिन्यात वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, मागे भाऊ आणि दोन्ही बाजूंना पिशव्या असताना, एका वळणावर ट्रकमागे अडकलो. चार गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर २.७८ चा आहे. १६ दातांवर पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४.८ येते, १८ दातांवर ते १३.१ वर येते. चालत्या माणसाच्या वेगाने चढायचे तर क्लच अर्धा दाबून ठेवण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि गगनबावडा येईपर्यंत क्लच प्लेटांचा जळका वास आमच्याबरोबर होता.

इशारा: आधी पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर तपासावे, वरच्या गिअरचे नंतर. दोघे बसणार असतील आणि घाट असेल तर ३५० ला १६ दात ठेवावेत, फार तर १७. ५०० ला १७ किंवा १८ सहज पेलतात.

## टप्पा ४: चार की पाच

दात ठरल्यावर हा प्रश्न बराच सोपा होतो. चार गिअरच्या बॉक्सची गुणोत्तरे २.७८, १.८४, १.३६ आणि १ अशी आहेत. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ४००० आरपीएमचे २९४० होतात, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सुमारे २६५०. लांब स्ट्रोकचे (पिस्टनचा पल्ला मोठा असलेले) इंजिन असल्यामुळे सपाटीवर हे खटकत नाही. घाटात मात्र तिसरा ओढत नाही आणि दुसरा ओरडतो अशी अवस्था येते. ही दरी पाच गिअर भरून काढतो, आणि तो घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

दुसरे कारण पायाच्या सवयीचे. चार गिअरच्या जुन्या बॉक्सचा लिव्हर उजव्या पायाशी, पहिला वर आणि बाकी तीन खाली असा असतो. पाच गिअरचा डाव्या पायाशी, पहिला खाली आणि बाकी चार वर. घरात दुसरी आधुनिक गाडी रोज चालवली जात असेल तर गडबडीच्या क्षणी उजवा पाय ब्रेक समजून गिअरवर पडतो. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

चार गिअर ठेवण्याची कारणेही भक्कम आहेत. तो गाडीत आहे, त्याचे सुटे भाग मिळतात, जुन्या मिस्त्रींना तो डोळे मिटून उघडता येतो आणि सिग्नलवर टाचेने न्यूट्रल लावून देणारा त्याचा छोटा लिव्हर ज्याने वापरला आहे तो सहसा सोडायला तयार होत नाही. सपाट मुलखात एकट्याने फिरणाऱ्या ३५० साठी चांगला बांधलेला चार गिअरचा बॉक्स पुरेसा आहे, असे माझे मत आहे, आणि त्यात वाचलेले पैसे ब्रेकवर घालावेत.

चार गिअरचा लिव्हर आडव्या शाफ्टने डावीकडे आणण्याचा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. त्यात सांधे वाढतात, प्रत्येक सांध्यात सैलपणा येतो आणि आधीच नाजूक असलेली गिअर पडण्याची जाणीव पायाला कळेनाशी होते. नाइलाज असेल तरच हा मार्ग धरावा.

## टप्पा ५: जुना बॉक्स घेताना

पुण्याच्या नाना पेठेत असो वा कोणा ओळखीच्या गॅरेजमध्ये, बंद बॉक्स "चालू गाडीचा काढलाय" एवढ्या शब्दावर घेऊ नये. बाहेरचे कव्हर उघडू दिले नाही तर व्यवहार सोडून द्यावा. एका दुकानातून मी असाच एक बंद बॉक्स घेतला होता. घरी उघडल्यावर किकच्या रॅचेटचा (एकाच दिशेने धरणाऱ्या दातेरी भागाचा) दात तुटून तळाशी पडलेला सापडला आणि त्याने मधल्या काळात दोन गिअरांचे कोपरे खाल्ले होते.

तपासणी या क्रमाने करावी.

पहिली नजर पेटीवर: स्टडच्या भोकांभोवती तडा किंवा वेल्डिंगची खूण असेल तर बॉक्स नको, कारण वेल्ड करताना वळलेली पेटी शाफ्ट सरळ धरत नाही. त्यानंतर स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावे. जाणवेल इतके हलत असेल तर बेअरिंग किंवा बुश (धातूची अस्तर-नळी) गेले आहे, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

मग गिअरांचे डॉग पाहावेत. डॉग म्हणजे गिअरच्या बाजूला असलेले चौकोनी उंचवटे, जे शेजारच्या गिअरमध्ये अडकतात. त्यांचे कोपरे धारदार असायला हवेत. नखाने चाचपल्यावर ते गोल, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे लागले तर तो गिअर थ्रॉटल सोडताच निसटणार. दातांवरचे बारीक काळे ठिपके चालतील, डॉगचे गोल कोपरे चालणार नाहीत.

शेवटी गुणोत्तर. पहिला गिअर टाकून शाफ्ट हाताने बरोबर दहा फेरे फिरवावा आणि स्प्रॉकेटचे फेरे मोजावेत. चार गिअरच्या बॉक्सला साडेतीनहून किंचित जास्त, म्हणजे ३.६ फेरे आले पाहिजेत. वरच्या गिअरमध्ये दहाला दहा. पाच गिअरच्या बॉक्सचे प्रत्येक गिअरचे फेरे असेच मोजून वहीत लिहावेत आणि टप्पा ३ मधल्या गणितात तेच आकडे वापरावेत. दोन बॉक्सांचे भाग एकत्र करून बांधलेली पेटी या चाचणीत लगेच उघडी पडते.

## टप्पा ६: कोरडी जुळवणी

कोरडी जुळवणी म्हणजे पॅकिंग, सील, तेल, रंग यांतले काहीही न लावता सगळे एकदा बसवून पाहणे. सर्वाधिक लोक हा टप्पा टाळतात आणि सर्वाधिक गाड्या इथेच बिघडतात.

स्टड आणि मिलन-पृष्ठ. बॉक्स क्रँककेसला टेकवल्यावर चारही बाजूंना प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. या रचनेत बॉक्स मागे-पुढे सरकवून प्रायमरी चेन ताणता येत नाही, तो ताण प्रायमरी केसमधल्या टेन्शनरनेच द्यायचा असतो. त्यामुळे बॉक्स तिरका बसला तर दुरुस्तीला दुसरी जागा उरत नाही. आटे गेलेले असतील तर लेथवर नवे बुश बसवून घ्यावे, मोठा स्टड ठोकू नये.

क्लच सेंटर आणि पुशरॉड. जुना क्लच सेंटर नव्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहावा. जोर लावावा लागला किंवा तो डुलला तर तो त्या शाफ्टचा नाही. पुशरॉडची (क्लच सोडवणाऱ्या दांड्याची) लांबी जुन्या रॉडवरून गृहीत धरू नये. रॉड आखूड पडला की क्लच सुटत नाही आणि लांब झाला की धरत नाही.

प्रायमरीची रेघ. इंजिन आणि क्लच या दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवावी. पट्टी चारही ठिकाणी टेकली पाहिजे.

मागच्या चेनची रेघ. रुंद टायर घेतलेल्यांनी येथे खास लक्ष द्यावे. चेन टायरला घासू नये म्हणून पुढचे स्प्रॉकेट वॉशर घालून बाहेर काढण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने चेनचा ओढा बेअरिंगपासून लांब जातो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेथून तेल गळू लागते. टायर एका मापाने अरुंद घेणे हा स्वस्त आणि कायमचा उपाय आहे.

ब्रेक. उजव्या गिअरच्या गाडीत ब्रेक पेडल डावीकडे असते आणि मागच्या ड्रमचा दांडाही डाव्याच बाजूला. गिअर डावीकडे आला की पेडल उजवीकडे जाते, पण ड्रमचा दांडा आहे तिथेच राहतो. मधल्या अंतरासाठी फ्रेममधून आडवा शाफ्ट न्यावा लागतो. हा शाफ्ट नळीचा नको, भरीव हवा, दोन्ही टोकांना बुश हवेत, आणि सगळे वेल्डिंग फ्रेमला रंग देण्यापूर्वी व्हावे. पाच गिअरच्या खर्चात हे काम कोणी धरत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असा शाफ्ट बनवून घेताना मी कारागिराला फक्त नक्षा दिला होता. तो म्हणाला, "गाडी घेऊन या, पाय ठेवून बघू." त्याचे बरोबर होते, कारण बदललेल्या फूटरेस्टमुळे माझे पेडल दोन बोटे उंच गेले असते.

किक आणि गिअर लिव्हर. किक पूर्ण खालपर्यंत हाताने फिरवावी. ती फूटरेस्ट, स्टँड आणि सायलेन्सर यांपैकी कशालाही लागू नये.

तपासणी: हे सहाही मुद्दे वहीत खूण करून झाल्याशिवाय गाडी रंगाला पाठवू नये.

## टप्पा ७: अंतिम जोडणी

पुढचे स्प्रॉकेट क्लच आणि आतल्या प्रायमरी केसच्या मागे असते. दातांबद्दल मनात शंका असेल तर ती इथेच मिटवावी, कारण नंतर एका दातासाठी अख्खी डावी बाजू पुन्हा उघडावी लागते.

सील नवेच लावावेत. शाफ्टचा सील खराब असेल तर प्रायमरीचे तेल गिअरबॉक्समध्ये शिरते, आणि मालक इंजिनाच्या पॅकिंगला दोष देत राहतो. स्प्रॉकेटचा नट आवळल्यावर त्याचे लॉक वॉशर दुमडायला विसरू नये.

प्रायमरी चेन एकाच जागी नव्हे, इंजिन थोडेथोडे फिरवून चार-पाच जागी पाहावी आणि जिथे ती सर्वांत ताठ लागेल तिथे सुमारे ६ मिमी खेळ ठेवावा. सैल जागी मोजून ताणलेली चेन ताठ जागी बेअरिंग ओढते. मागच्या चेनचा ताण गाडीवर माणूस बसवून मग पाहावा.

तेलाबाबत इशारा: चार गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची पद्धत होती आणि अनेक मिस्त्री तीच पाच गिअरच्या बॉक्सला लावतात. पाच गिअरला गिअर ऑइलच हवे आणि ते त्याच्या लेव्हलच्या खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरलेले तेल सीलमधून वाट काढते.

## टप्पा ८: पहिली चाचणी

मागचे चाक उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत सर्व गिअर वर आणि खाली टाकून पाहावेत. चार गिअरच्या बॉक्समध्ये वर जाताना पडतो पण उतरताना पडत नाही असा गिअर आढळला तर बॉक्स उघडण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा लिव्हरच्या यंत्रणेतली स्टॉप-प्लेट किंचित सरकवली की दोन्ही बाजूंचा पल्ला सारखा होतो.

नंतर पाच-सहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, प्रत्येक गिअरमध्ये थ्रॉटल उघडून एकदम सोडावा आणि पुन्हा उघडावा. गिअर निसटायचा असेल तर याच झटक्याला निसटतो. परत आल्यावर क्लचची केबल पाहावी. लिव्हरपाशी दोन-तीन मिमी खेळ नसेल तर पुशरॉड सतत दाबला जात आहे.

यानंतर घाट, आणि तोही दोघांनी. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी वळण घेते का, एवढेच पाहायचे असते. घेत नसेल तर दात एकाने कमी करावा, मन कितीही मोडले तरी. ५०० किमी झाल्यावर गिअरबॉक्सचे तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतावे. बारीक करडी चमक दिसणे स्वाभाविक आहे. बोटांना खुपेल असा कण सापडला तर गाडी पुढे चालवू नये, कव्हर त्याच दिवशी उघडावे.